अर्जुनाचा रथ आणि अंगणातली गाडी

आश्विन शुद्ध नवमीस शस्त्रे, अवजारे आणि वाहने यांची पूजा व दुसरे दिवशी सीमोल्लंघन, हा आपल्या घराघरांतला पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ. पूर्वी खंडेनवमीला तलवार, नांगर, विळे-कोयते पाटावर मांडले जात. आता सायकलीपासून ट्रॅक्टरपर्यंत अंगणातल्या सर्वच चाकांना झेंडूच्या माळा पडतात. साडेतीन मुहूर्तांतील एक पूर्ण मुहूर्त म्हणून नव्या वाहनाची खरेदीही दसऱ्यालाच करण्याची हौस फार. त्यामुळे घटस्थापना झाली की पुष्कळ घरांत देवीच्या आरतीनंतर एकच विषय निघतो. जुनी गाडी ठेवावी की बदलावी?

हा प्रश्न कीर्तनाच्या व्यासपीठापर्यंत येईल असे मात्र मला वाटले नव्हते. मौद्यास नवरात्रातले कीर्तन होते. उत्तररंगास मी शल्यपर्वातील अर्जुनाच्या रथाचे आख्यान लावले होते. दुर्योधन पडल्यावर पांडव कौरवांच्या शिबिरापाशी येतात. श्रीकृष्ण अर्जुनास म्हणतात, गांडीव आणि दोन्ही भाते घे आणि तू आधी खाली उतर. अर्जुन उतरतो. मग भगवान लगाम सोडून स्वतः उतरतात. ध्वजावरचा कपी अंतर्धान पावतो आणि तो रथ जू-लगामांसह एकाएकी पेट घेऊन भस्म होतो. अर्जुन विस्मित होतो, तेव्हा भगवान सांगतात की, द्रोण-कर्णांच्या अस्त्रांनी हा रथ केव्हाच जळून गेला होता. मी वर बसलो होतो म्हणून तो उभा दिसत होता एवढेच.

आरती झाली, बुक्का लावून मंडळी पांगली आणि कन्हानकाठच्या एका खेड्यातले वयस्क धानउत्पादक शेतकरी जवळ येऊन बसले. म्हणाले, “महाराज, त्या रथात तं देव बसून होते. माही जीप सतरा वर्साची झाली. पोरगा म्हणते, दसऱ्याले इकून टाका अन्‌ कर्ज काढून नवी घ्या. तुम्हीच सांगा, ठेवू का काढू?” मी हसून वेळ मारून नेली असती, पण त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. घरातला बाप-लेकाचा अबोला त्या जीपवरून चालला होता.

या निमित्ताने वाचकांपुढे एक जुना ग्रंथाधार ठेवावासा वाटतो. आपण वाहनपूजा म्हणून जे करतो, त्याचे मूळ ‘नीराजन’ विधीत दिसते. कौटिलीय अर्थशास्त्रात अश्वाध्यक्षाच्या कर्तव्यांत आश्विनाच्या नवव्या दिवशी घोड्यांचे नीराजन करावे असे सांगितले आहे. वराहमिहिराच्या बृहत्संहितेतही नीराजनविधीचे स्वतंत्र प्रकरण आहे. पर्जन्यकाळ संपला, मोहिमेचे दिवस आले, तेव्हा अश्व-गजांना ओवाळून त्यांची लक्षणे पाहण्याचा तो दिवस. पूजा आणि पाहणी यांची तिथे फारकत नाही. कौटिल्य तर त्याच अध्यायात पुढची व्यवस्थाही सांगतो: युद्धाने, रोगाने किंवा वार्धक्याने क्षीण झालेले घोडे युद्धाच्या कामातून काढावेत आणि त्यांना पोटापुरते अन्न देऊन पोसावे. अमुक वयाचा घोडा बाद, असे तो म्हणत नाही. क्षीणता पाहा, ती कशाने आली हे पाहा आणि मग काम ठरवा, असा त्याचा रोख आहे. आपण मात्र त्या दिवसातली ओवाळणी तेवढी ठेवली आणि पाहणी गाळली. चाकाखाली लिंबू ठेवणारे हात चाकाच्या रबराकडे पाहत नाहीत. टायरच्या कडेवर चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. माळ घालताना तेवढे वाचले तरी ते चाक किती जुने झाले आहे, हे कळते.

म्हणून त्या गृहस्थांना मी उलट प्रश्न विचारले. जीप जाते कुठे? शेतावर आणि धानाचे दिवस आले की बाजारात. रात्री महामार्गावर? नाही. बसते कोण? बहुधा ते एकटे, कधी खताची पोती. ब्रेक केव्हा पाहिले? उन्हाळ्यात मिस्त्रीकडून रबरी नळ्यांसह बदलून घेतले. चासी गंजली आहे? नाही. वर्षाचा खर्च? त्यांनी खिशातून डायरी काढली. दुरुस्तीचा आकडा नव्या गाडीच्या दोन हप्त्यांएवढाही नव्हता. मग मी सांगितले की, जीप ठेवा, चिरंजीवांना समजावा. मुलाला गाडी हवी होती, की शेजारच्या अंगणात उभी राहिली तशी गाडी हवी होती, हे मी विचारले नाही. पण ते त्यांना उमगले असावे. हप्त्यावर आणलेल्या वाहनाला दसऱ्याला माळ पडते आणि पुढची पाच-सात वर्षे धान मोजताना प्रत्येक वेळी तिची आठवण होते. २२ सप्टेंबर २०२५ रोजी, म्हणजे त्या वर्षीच्या घटस्थापनेलाच, लहान मोटारी व बहुतेक दुचाकींवरील वस्तू व सेवा कर १८ टक्क्यांवर आला आणि दुकानांपुढे गर्दी लोटली. ज्याला गरज होती त्याचे भलेच झाले. परंतु किंमत उतरली म्हणून गरज उत्पन्न होत नाही.

कायद्याविषयीही लोकांच्या मनात मोठा गोंधळ आढळतो. पंधरा वर्षे झाली की खासगी गाडी भंगारातच द्यावी लागते, अशी समजूत खेड्यापाड्यांतून पसरली आहे. ती दिल्लीच्या बातम्यांवरून आलेली आहे. तेथे २०१५ साली हरित न्यायाधिकरणाने डिझेलला दहा व पेट्रोलला पंधरा वर्षांची मर्यादा घातली. ती राजधानी परिसरापुरती. आपल्याकडे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तपासणीत वाहन योग्य ठरल्यास ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. त्याचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून मोटारीस पाच हजार व मोटारसायकलीस एक हजार रुपये झाले. २०२५ मध्ये वीस वर्षांवरील वाहनांसाठी ते दुप्पट करण्यात आले. शिवाय पर्यावरण कर आहेच. सरकारने १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांची सक्ती केली ती स्वतःच्या वाहनांवर. तेव्हा वयाच्या भीतीने कोणी चांगली गाडी फुंकून टाकू नये.

इथवर मी मोठ्या अधिकाराने बोललो. पण रामटेकला परतताना माझ्याच मनाने मला धरले, कारण माझ्या अंगणातला प्रश्न मी सोडवलेला नव्हता.

आमची व्हॅन २००९ च्या विजयादशमीची. पेटी, तबला, झांजा, पोथ्यांची पेटी आणि सहा माणसे एवढा संसार तिने नागपूर, भंडारा, गोंदिया या जिल्ह्यांतून वाहिला. थोरल्या मुलीची पाठवणी तिच्यातून झाली. आमच्या वृद्ध पेटीवाल्यांना शेवटच्या दुखण्यात दवाखान्यात नेले तेही तिच्यातूनच. २०२४ साली नोंदणीची मुदत संपली, तेव्हा मी काहीही विचार न करता पासिंग करून आणले. कागदावर ती २०२९ पर्यंत धडधाकट आहे.

गेल्या श्रावणात भंडाऱ्याचे कीर्तन आटोपून तबलजींना मौद्यास सोडण्यासाठी आम्ही राष्ट्रीय महामार्ग ५३ ने येत होतो. रात्रीचे अकरा वाजून गेलेले, वर पाऊस. हा मुंबई-कोलकाता रस्ता; जड वाहनांची रांग रात्रंदिवस तुटत नाही. पुढच्या ट्रकचे लाल दिवे लागले. मी ब्रेकवर पाय दिला आणि पाय खाली गेला तो गेलाच. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा दाबल्यावर गाडीने ऐकले. ट्रकच्या मागच्या फळीपासून आम्ही हातभर अंतरावर थांबलो. मागे तबलजींचा नऊ वर्षांचा मुलगा तबल्याच्या गवसणीवर डोके ठेवून झोपला होता. तो जागाही झाला नाही.

दुसरे दिवशी मिस्त्रीने गाडी वर उचलून दाखवली. ब्रेकचे तेल हवेतले पाणी शोषते. ते वेळेवर न बदलल्यास आतून नळ्या गंजतात आणि तापल्यावर पाण्याची वाफ होऊन पेडल पोकळ लागते. तेवढे दुरुस्त होण्यासारखे होते व त्याने केलेही. परंतु चासीला दोन ठिकाणी गंजाने भोके पडली होती. तो म्हणाला, “महाराज, जोडून देतो, पण हिला गावातल्या गावात चालवा, माणसे भरून रस्त्यावर काढू नका.” माझ्या वहीत त्या वर्षीचा दुरुस्तीखर्च एकेचाळीस हजार निघाला; गाडीला कोणी पस्तीस देईना. पण खरे सांगायचे तर प्रश्न हिशेबाचा उरलाच नव्हता. तिच्यात पिशवी नाही, पट्टेही पुढच्यांपुरतेच. मोटारीत चालकाच्या पुढे हवेची पिशवी सक्तीची झाली ती २०१९ मध्ये, त्याच्या शेजारच्यासाठी पुढे दोन-अडीच वर्षांनी. माझ्या गाडीच्या वेळी हा विचार नव्हता, यात गाडीचा दोष नाही. आज तो ठाऊक असूनही दुसऱ्याच्या लेकराला मागे झोपवून मी महामार्गावर निघतो, हा दोष माझा आहे.

तरीही निर्णय होईना. घरातून शब्द येई, “तिने आजवर कधी दगा दिला नाही, तिला काढायची?” हा भाव आपल्याकडे बैलापासून आलेला आहे. पोळ्याला ज्याच्या शिंगांना बेगड लावली, त्या थकलेल्या बैलाला विकू नये ही शेतकऱ्याची धारणा योग्यच आहे. बैलाला भूक आहे, डोळे आहेत, तो घरचे माणूस ओळखतो. कौटिल्याने म्हाताऱ्या घोड्याला अन्न लावून दिले ते याच जाणिवेने. लोखंडाला यातले काही नाही. त्याच्यावर जडते ती आपलीच आठवण, आणि आठवणीला चाके लागत नाहीत.

अर्जुनाचेही असेच झाले होते. त्याचा रथ आणि गांडीव ही दोन्ही खांडववनाच्या वेळी अग्नीने वरुणाकडून मिळवून दिलेली. रथ कुरुक्षेत्रावरच गेला. धनुष्य मात्र त्याने पुढे छत्तीस वर्षे जपले. यादवांच्या स्त्रियांना घेऊन येताना दस्यूंपुढे ते निकामी ठरले, तरी सोडवेना. महाप्रस्थानाच्या वाटेवर अग्नी स्वतः आडवा आला, आता हे परत कर म्हणाला, तेव्हा कुठे अर्जुनाने ते पाण्यात टाकले. व्यासांनी या ठिकाणी अर्जुनाच्या लोभाचा उल्लेख टाळलेला नाही. गीता ऐकलेल्याची ही कथा, मग कीर्तनकाराची काय पत्रास!

जगन्नाथपुरीस याचे उत्तर मला अधिक सुंदर दिसते. तेथे सोळा, चौदा आणि बारा चाकांचे तिन्ही रथ दरवर्षी नवे बांधतात. अक्षय्यतृतीयेस काम सुरू होते आणि आषाढात यात्रा झाली की ते मोडतात. पुष्कळसे लाकूड देवाच्या मुदपाकखान्यात जाते. मात्र सारथ्यांच्या व घोड्यांच्या काष्ठमूर्ती जपून ठेवतात आणि पुढच्या रथाला त्याच लावतात. प्रत्यक्ष देवाचे वाहन मोडताना तेथे कोणी अश्रू ढाळत नाही.

मीही तसेच योजले आहे. जुनी गाडी रस्त्यावरच्या भंगारवाल्यास देऊन पैसे मोजून घेणे सोपे असते. पण नोंदणी आपल्या नावावर राहते आणि तिचा नंबर पुढे कुठल्या गुन्ह्यात निघाला तर पोलीस आपल्या दारी येतात. २०२१ च्या वाहन-मोडणी धोरणाप्रमाणे नोंदणीकृत केंद्रात गाडी दिल्यास तसे प्रमाणपत्र मिळते, नोंदणी रद्द करून घेता येते आणि त्या प्रमाणपत्रावर नवे खासगी वाहन घेतल्यास करात पंचवीस टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद केंद्राच्या नियमांत आहे. राज्यात प्रत्यक्ष किती मिळते ते परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. व्हॅन आणखी कोणाला विकण्याचा विचारही मनात आला होता, एक गिऱ्हाईक आलेही होते. त्याला शाळेची मुले न्यायची होती. मी नाही म्हटले.

खंडेनवमीला तिची पूजा नेहमीप्रमाणे होईल. गणपतीची छोटी मूर्ती आणि पुढे टांगलेली माझ्या वडिलांची चिपळी तेवढी काढून घेईन. दसरा उलटला की गाडी केंद्रात जाईल. नव्या गाडीपुरते पैसे आज गाठीशी नाहीत आणि कर्ज काढायचे नाही, असे घरात ठरले आहे. कोजागिरीला मौद्यास पुन्हा कीर्तन आहे. एस. टी. ने जाऊ. पासष्ट पुरी झाल्यामुळे मला अर्धे तिकीट, आणि मार्च २०२३ पासून महिलांनाही अर्धेच असल्याने घरच्या मंडळींनाही तेवढेच. पेटी टपावर टाकायची नाही, मांडीवर घ्यायची, असे तबलजींनी आताच बजावले आहे. परतीला रात्री गाडी मिळणार नाही; मुक्काम देवळाच्या ओवरीत.