जावयाचं घड्याळ

सावंगी (मेघे)च्या दवाखान्यात ब्रदर म्हणून नोकरीला असलेला मुलगा, शेजारच्या घरचा होणारा जावई. त्याला निकाहला घड्याळ द्यायचंय. मुलीचे अब्बा म्हणतात, चामडी पट्ट्याचं, पातळ, शोभेलसं. भाऊ म्हणतो, भारी कंपनीचं स्टीलचं स्पोर्ट्स, हप्त्यावर.

मला विचारलंत तर आधी मुलाचा दिवस बघा. वॉर्डात नाडी मोजायला सेकंदकाटा लागतो. कित्येक पातळ घड्याळांत तो नसतोच. पाच वेळा वजू, म्हणजे घड्याळ काढा, नाहीतर भिजवा. झाकणावर ३० मीटर लिहिलेलं घड्याळ फार तर शिंतोडे सोसतं. आणि चामडं? वर्ध्याच्या घामातच कुजतं.

सोनं पुरुषांना वर्ज्य, तेव्हा स्टील बरं. पण भाऊ सांगतोय ती हौस निराळी. १९७२ मध्ये ओदमार पिगे या स्विस कंपनीने रॉयल ओक हे स्टीलचं स्पोर्ट्स घड्याळ कित्येक सोन्याच्या घड्याळांपेक्षा महाग विकायला काढलं, तिथून ती वाढली. तिच्यापायी व्याज कशाला भरायचं? स्टीलचा पट्टा, सेकंदकाटा, १०० मीटर, हे सगळं चार-पाच हजारांत मिळतं.

निकाहच्या दिवशी पातळच हवं असेल, तर अब्बांचं चावीचं एच.एम.टी. अजून चालतंय. नवा पट्टा तेवढा लावा.