गंज हाही दस्तऐवज: लघुरेल्वेच्या वॅगनी आणि चिंचणीचे ताम्रपट

#थ्रेड #इतिहास #रेल्वे

१/ १९५५ साली चिंचणीच्या शेतजमिनीत ताम्रपट सापडले. त्यांपैकी एक शके ८४८ चा, म्हणजे इ. स. ९२६ चा. राष्ट्रकूट सम्राट तिसरा इंद्र याच्या काळात संजाणचा कारभार मधुमती नावाचा अरब अधिकारी पाहत होता, हे त्यावरून कळते. ‘मधुमती’ हे ‘मुहम्मद’चे संस्कृत रूप. डॉ. दिनेशचंद्र सरकार यांनी हे पट वाचून ‘एपिग्राफिया इंडिका’त प्रसिद्ध केले.

२/ जुना ताम्रपट हाती आला की अभ्यासक केवळ मजकूर वाचून थांबत नाही. पटावरची तारीख, अक्षरांचे वळण, राजाची वंशावळ, धातू आणि त्यावर चढलेला थर या साऱ्यांची साक्ष एकमेकांशी जुळते का, हे तो तपासतो. दहाव्या शतकातील तारीख आणि तेराव्या शतकातील अक्षरे एकाच पटावर दिसली, तर तो पट बनावट ठरतो.

३/ हीच कसोटी एका फार लहान वस्तूला लावून पाहण्याजोगी आहे. ती वस्तू म्हणजे लघुरेल्वेची वॅगन. ‘एचओ’ या सर्वाधिक प्रचलित प्रमाणात प्रतिकृती मूळ गाडीच्या एक सत्त्याऐंशीअंश असते. आयसीएफचा सुमारे २१.३ मीटर लांबीचा डबा तिथे जेमतेम साडेचोवीस सेंटिमीटरांचा होतो. पुण्याच्या कोथरूड भागात भाऊ जोशी यांनी उभारलेले, १९९८ साली खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना हे जग परिचित असेल.

४/ कारखान्यातून आलेली प्रतिकृती चकचकीत असते. तिच्यावर धूळ, काजळी, तेलाचे डाग, उडालेला रंग आणि गंज चढवण्याच्या कलेला हौशी मंडळी ‘वेदरिंग’ म्हणतात. या कलेवरून दोन पंथ आहेत. एक म्हणतो, महागड्या वस्तूवर घाण कशाला? दुसऱ्याला जिथे तिथे गंज हवा. छत, दारे, बोगी, सारे नारिंगी. दोन्ही पंथांची चूक एकच आहे. पुरावा काय सांगतो, हे कोणीच विचारत नाही.

५/ प्रतिकृतीवर रंगवलेला गंज हे भूतकाळाविषयीचे विधान असते. ‘अमुक साली, अमुक मार्गावर, अमुक माल वाहणारी गाडी अशी दिसत होती’, असे ती वॅगन मुकाट्याने सांगत असते. विधान केले की पुराव्याची जबाबदारी आली.

६/ एवढ्या गांभीर्याची गरज का? कारण खरी वॅगन उरत नाही. आयुष्य संपले की ती मोडीत निघते, कापली जाते, वितळते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात (स्थापना १९७७) राजेरजवाड्यांचे सलून आहेत, नामांकित इंजिने आहेत. संग्रहालयात दाखल झालेल्या गाडीला बहुधा ताजा रंगही लागतो. त्या रंगाखाली तिच्या कष्टाच्या खुणा झाकल्या जातात. चालत्या कामातली सामान्य मालगाडी कशी दिसे, याचा पुरावा मग जुन्या छायाचित्रांत आणि माणसांच्या आठवणीत उरतो.

७/ ही जाणीव परदेशात लवकर रुजली. ऑस्ट्रेलियात जन्मलेले रॉय इंग्लंड ब्रिटनला आले, तेव्हा ग्रामीण घरे, कुंपणे, रस्ते त्यांच्या डोळ्यांदेखत बदलत होते. जे नाहीसे होत आहे ते मोजून, टिपून प्रतिकृतीत जपायचे, असे त्यांनी ठरवले. १९५४ साली ऑक्सफर्डशायरमध्ये सुरू झालेले पेंडन संग्रहालय हे त्याचे फळ. १९२०-३० च्या दशकांतील खेडी आणि रेल्वे तिथे आजही पाहता येतात. तिथली प्रतिकृती म्हणजे एका परीने प्रदेशाचे दप्तर आहे.

८/ अमेरिकेत कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे जॉन अ‍ॅलन यांनी ‘गॉरी अँड डॅफेटिड’ ही काल्पनिक रेल्वे उभारली. मळलेल्या, झिजलेल्या गाड्यांचे सौंदर्य हौशी जगाला पटवून देण्यात त्यांचा वाटा मोठा. जानेवारी १९७३ मध्ये ते वारले आणि काही दिवसांतच ती रेल्वे आगीत नष्ट झाली. आज ती उरली आहे ती मुख्यतः अ‍ॅलन यांनीच टिपलेल्या छायाचित्रांत. प्रतिकृतीलाही मरण असते. म्हणून तिच्याइतकेच तिच्यामागचे टिपण जपायला हवे.

९/ आता पुराव्याकडे. पहिला प्रश्न: धातू कोणता? लोखंड, पाणी आणि प्राणवायू एकत्र आले की गंज धरतो. ताजा गंज पिवळसर नारिंगी असतो. जुना होत जातो तसा तो तपकिरी, पुढे काळपट होतो. म्हणून एकाच बाटलीतला नारिंगी रंग साऱ्या गाडीवर फासणे म्हणजे सारा गंज एकाच आठवड्यात धरला, असे सांगणे.

१०/ डहाणू-पालघरच्या मुलांना या रंगांची ओळख शिकवावी लागू नये. वारली चित्रांसाठी भिंत ज्या गेरूने सारवतात, त्याचा तांबडा रंग लोहाच्या ऑक्साइडचाच. पिवडीचा पिवळा रंगही लोहाचाच, फक्त त्या संयुगात पाण्याचा अंश असतो. पिवडी तापवली की ती तांबडी होते. बारीक वस्त्रगाळ केलेला गेरू, पिवडी आणि काजळी यांच्या मिश्रणातून गंजाच्या बहुतेक छटा मिळतात. परदेशी भुकटीच्या महागड्या डब्या नसल्या म्हणून अडत नाही.

११/ धातूलाही इतिहास आहे. पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बनलेल्या डब्यांचे सांगाडे पोलादी. शौचालयाजवळ आणि दारांच्या उंबऱ्याशी पाणी साचून त्यांचा पत्रा आतून खाल्ला जाई. पुढे आलेल्या एलएचबी डब्यांचे कवच स्टेनलेस स्टीलचे. त्यामुळे एलएचबी डब्याच्या कुशीवर गंजाचे मोठे भोक रंगवणारा हौशी कलाकार, कितीही कुशल असला तरी, तेराव्या शतकाची अक्षरे दहाव्या शतकाच्या पटावर कोरत असतो.

१२/ दुसरा प्रश्न: जागा कोणती? चिंचणीच्या किनाऱ्यावरची खिडकीची जाळी काही पावसाळ्यांत पोपडे टाकू लागते. समुद्राच्या वाऱ्यातले क्षार लोखंडावरचा थर सतत मोडत राहतात. स्वतःच्याच गंजाच्या घट्ट थराने स्वतःला वाचवणारे ‘कॉर्टेन’ पोलादही खाऱ्या हवेत हतबल होते. पण जवळची स्थानके, वाणगाव आणि बोईसर, किनाऱ्यापासून बरीच आत आहेत, आणि हवेतील मिठाचे प्रमाण आत जाताना झपाट्याने घटते. समुद्रकाठचा गंज उचलून वाणगावच्या फलाटावर ठेवता येत नाही.

१३/ शिवाय वॅगन हिंडती असते. आज बोईसरच्या बाजूच्या रुळावर उभी असलेली वॅगन गेल्या महिन्यात मध्य भारतातील कोळशाच्या खाणीपाशी असू शकते. तिच्या अंगावरचा गंज कुठल्याही एका गावचा नाही. रूळ, सिग्नलचे खांब, कुंपण आणि पुलाच्या तुळया मात्र जागच्या हलत नाहीत. स्थानिक हवेची खरी साक्ष तीच देतात. वाणगावचे दृश्य उभारणाऱ्याने स्थानिक गंज आधी तिथे दाखवावा.

१४/ तिसरा प्रश्न: साल कोणते? विरारच्या उत्तरेला या मार्गाचे विद्युतीकरण १९७० च्या दशकात झाले. त्याआधीच्या डब्याच्या छतावर वाफेच्या इंजिनाची काजळी शोभते. आजच्या छतावर तशी काजळी निराधार आहे. आयसीएफ डब्यांचा गडद तांबडा रंग जाऊन निळा आला तो १९९० च्या दशकात. निळ्या डब्यावर वाफेच्या युगाची जाड काजळी दिसली, तर पाहणाऱ्याने थबकावे.

१५/ वॅगनीच्या कुशीवर तर तारीखच लिहिलेली असते. ठरावीक मुदतीने वॅगन कारखान्यात जाते, तिची पूर्ण दुरुस्ती होते आणि ‘पीओएच’ची तारीख रंगवली जाते. गेल्याच वर्षीची तारीख आणि पत्र्याला आरपार भोके असे दृश्य क्वचितच खरे असेल. ताम्रपटाची तारीख आणि लिपी जुळावी लागते. वॅगनीची तारीख आणि गंजही.

१६/ चौथा प्रश्न: काम कोणते? कोळसा वाहणारी उघडी वॅगन आतून घासली जाते. कुठे धातू चमकतो, कुठे ओरखडे पडतात आणि त्यांत नवा गंज धरतो. सिमेंटच्या बंद वॅगनीवर दारांपासून राखाडी ओघळ उतरतात. प्रवासी डबे मात्र नियमित धुतले जातात. त्यांच्या कुशी बऱ्यापैकी स्वच्छ, पण टोके, छत आणि खालचा सांगाडा मळलेला. जुन्या ओतीव लोखंडी ब्रेक-ठोकळ्यांची झीज होऊन उडालेली धूळ खालच्या भागावर तपकिरी थर धरत असे. चाकाची रुळावर घासणारी कड तेवढी लखलखीत.

१७/ प्रमाणाचे भान हवेच. ‘एचओ’मध्ये एक मिलिमीटरचा डाग मूळ गाडीवर ८.७ सेंटिमीटरांचा होतो. एक लोकप्रिय युक्ती आहे: आधी गंजाचा रंग द्यायचा, तो वाळला की किंचित ओला करून त्यावर मीठ भुरभुरायचे, वाळल्यावर वरचा रंग मारायचा आणि मग मीठ खरवडायचे. जिथे मीठ होते तिथे खालचा गंज उघडा पडतो. खऱ्या लोखंडाला खाणारे मीठ इथे खोटा गंज घडवते. पण खडे मिठाचा एक दाणाही वॅगनीला ताटाएवढे भगदाड पाडील. मीठ अगदी बारीक कुटलेले हवे.

१८/ आक्षेप येईल: हा खेळ आहे, इतिहासाचे ओझे त्यावर कशाला? आक्षेप रास्त आहे. काल्पनिक रेल्वे उभारणाऱ्याला काल्पनिक गंजाचा पूर्ण अधिकार आहे. जॉन अ‍ॅलन यांनी तेच केले. पण पाटीवर ‘बोईसर, १९८५’ असे लिहिले की खेळाचा नियम बदलतो. गावाचे नाव आणि साल लिहिणारा माणूस पाहणाऱ्याला खरेपणाचे वचन देतो.

१९/ आणखी एक गोष्ट गंजाच्या मोहात विसरली जाते. गंज खरवडणारी, डबे धुणारी, बोल्ट तपासणारी, रंग काढणारी माणसे रेल्वेत रोज राबतात. डागडुजीचा ताजा चौकोनी पट्टा, हात लागून गुळगुळीत झालेला दांडा, कुशीवरची खडूची अक्षरे या त्यांच्या खुणा. नखशिखांत गंजलेली चालती गाडी दाखवणे म्हणजे ही माणसे कामावर नव्हतीच, असे म्हणणे. चांगले वेदरिंग झीज दाखवते आणि झिजेशी झुंजणारे हातही दाखवते.

२०/ म्हणून नवख्या हौशी कलाकाराने कुंचल्याआधी वही उघडावी. फलाटावर सुरक्षित अंतरावर उभे राहून एका साध्या मालगाडीचे छायाचित्र घ्यावे. तारीख, स्थानक, वॅगनीचा प्रकार आणि पीओएचची नोंद करावी. मग त्या एकाच वॅगनीची प्रतिकृती रंगवावी आणि टिपण तिच्यासोबत ठेवावे. दहा मनोहर पण निनावी वॅगनींपेक्षा अशी एक वॅगन मोलाची.

२१/ चिंचणीचे ताम्रपट हजार वर्षे मातीत टिकले आणि वाचणाऱ्याच्या हाती लागले. लोखंडाला ते भाग्य नाही. आज बोईसरवरून धडधडत गेलेली वॅगन उद्या भट्टीत जाईल. कुठल्याही शेतात ती कोणाला सापडणार नाही. ती कशी दिसत होती हे पन्नास वर्षांनी कोणी विचारले, तर उत्तर एखाद्या घरातल्या फळीवर, अकरा-बारा सेंटिमीटर लांबीच्या वस्तूवर, प्रामाणिकपणे रंगवलेले असावे.