वेग सोबतीने येतो

29 नोव्हेंबर 2020 चा रविवार. कोरोनामुळे त्या वर्षीची दिल्ली हाफ मॅरेथॉन रस्त्यावर धावायला मिळाली ती फक्त निवडक एलिट धावपटूंना. हजारो हौशी धावपटूंनी ॲपवर नोंद करून आपापल्या गावीच अंतर पूर्ण केले. जवाहरलाल नेहरू स्टेडियमपासून सुरू झालेल्या त्या शर्यतीत बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्याच्या मांडव्याचा अविनाश साबळे 60 मिनिटे 30 सेकंदांत पोचला. 61 मिनिटांच्या आत अर्धमॅरेथॉन पूर्ण करणारा तो पहिला भारतीय. आधीचा राष्ट्रीय विक्रम महाराष्ट्राच्याच कालिदास हिरवेच्या नावावर होता : 63 मिनिटे 46 सेकंद. म्हणजे एका सकाळी सव्वातीन मिनिटे कमी झाली.

आकडा नुसता वाचून त्यातला वेग कळत नाही. 21.0975 किलोमीटर 60:30 मध्ये म्हणजे दर किलोमीटरला 2 मिनिटे 52 सेकंद, आणि दर शंभर मीटरला साधारण 17.2 सेकंद. शाळेच्या मैदानावर शंभर मीटर 17 सेकंदांत पळून बरीच मुले धापा टाकत बसतात. अविनाश त्याच वेगाने एकामागून एक दोनशे अकरा वेळा तेवढे अंतर पळाला.

आणि तरीही तो त्या शर्यतीत दहावा आला. इथिओपियाचा आमदेवर्क वालेलेन्ग 58:53 वेळ देऊन पहिला आला. पण मोल आहे ते या दहाव्या क्रमांकाचेच. आपल्याकडच्या मोठ्या शर्यतींत भारतीयांसाठी वेगळी क्रमवारी असते, वेगळी बक्षिसे असतात. ही सोय गरजेची आहे, कारण त्या बक्षिसावर कित्येक खेड्यांतल्या मुलामुलींचा वर्षभराचा खुराक आणि बूट चालतात. मात्र तिचा एक तोटाही आहे. भारतीयांमध्ये पहिले यायचे एवढेच ध्येय ठेवले की धावपटू एकमेकांवर नजर ठेवून धावतात. परदेशी धावपटूंची पुढची टोळी कधीच निघून गेलेली असते आणि शेवटच्या दोन किलोमीटरपर्यंत कुणीच वेग वाढवत नाही. विजय मिळतो, वेळ मात्र जागच्या जागी राहते.

अविनाशचा पिंड पहिल्यापासून वेगळा. शेतकरी घरातला हा मुलगा सहा किलोमीटरवरच्या शाळेत जायचा. बारावीनंतर तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनच्या बर्फात राहिला आणि 2015 नंतर सैन्यातल्या क्रॉस कंट्रीमधून खऱ्या अर्थाने धावू लागला. त्याची मुख्य शर्यत 3000 मीटर स्टीपलचेस. तिच्यात त्याने 2018 मध्ये गोपाळ सैनीचा 37 वर्षांचा विक्रम मोडला, 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत केनियाच्या धावपटूंच्या बरोबरीने पळत रौप्यपदक घेतले. तिथे सुवर्ण हुकले ते 0.05 सेकंदाने. आपल्याहून वेगवान माणसाला सोडायचे नाही, ही त्याची सवय दिल्लीच्या रस्त्यावरही दिसली.

सोबतीने वेग येतो, ही गोष्ट दिल्लीच्या पूर्ण मॅरेथॉनमध्ये आणखी स्पष्ट दिसते. फेब्रुवारी 2021 च्या नवी दिल्ली मॅरेथॉनमध्ये परभणीची ज्योती गवते 2 तास 58 मिनिटे 23 सेकंदांत दुसरी आली. पहिली आलेली सुधा सिंग तिच्या जवळजवळ पंधरा मिनिटे पुढे होती, तिसरी सहा मिनिटे मागे. स्पर्धेतली कुणीही नजरेच्या टप्प्यात नाही, अशा अवस्थेत तिने शर्यत संपवली. 26 फेब्रुवारी 2023 ला ती पुन्हा दिल्लीत धावली. या वेळी अश्विनी जाधव तिच्या बरोबर होती. ज्योतीने 2:53:04 वेळेत शर्यत जिंकली, अश्विनीची वेळ 2:53:06. बेचाळीस किलोमीटर पळून दोघींत अंतर उरले फक्त दोन सेकंदांचे आणि ज्योतीची वेळ 2021 पेक्षा पाच मिनिटांहून अधिक सुधारली. पुढच्याच वर्षी अश्विनीने हीच शर्यत 2:52:25 मध्ये जिंकली. तिचे 41 सेकंद कमी झाले.

सगळे श्रेय सोबतीला देणे चुकीचे ठरेल. सराव, प्रकृती, त्या दिवसाची हवा यांचाही वाटा असतोच. पण त्याच 2023 च्या सकाळी पुरुषांच्या शर्यतीत काय झाले पाहा. मान सिंग 2:14:13, बेलिअप्पा 2:14:15, कार्तिक कुमार 2:14:19. आशियाई स्पर्धेसाठी 2 तास 15 मिनिटांचा निकष समोर होता आणि तिघांनीही सहा सेकंदांच्या आत तो पार केला. कुणी एकटा असता तर पस्तिसाव्या किलोमीटरनंतर त्याला कोणी ओढून नेले असते?

कारण त्या टप्प्यावर शरीर साथ सोडू लागते. स्नायूंतला आणि यकृतातला ग्लायकोजेनचा साठा वेगवान धावपटूला साधारण तीस-बत्तीस किलोमीटरपर्यंतच पुरतो. पुढे पाय जड होतात आणि मन हिशेब मांडू लागते. शेजारी पडणारी पावले तो हिशेब मांडू देत नाहीत. महिलांचा 2:34:43 हा राष्ट्रीय विक्रम ओ. पी. जैशाने 2015 मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत केला, टी. गोपीने 2:13:39 ही आपली सर्वोत्तम वेळ 2019 मध्ये सेऊलला दिली. दोन्ही ठिकाणी पुढे पळायला आपल्याहून सरस धावपटू होते. शिवनाथ सिंगने 1978 मध्ये जालंधरला दिलेले 2:12:00 चाळीस वर्षांहून अधिक काळ अबाधित राहिले, याचे एक कारण देशातल्या शर्यतींत वेळेपेक्षा क्रमांकाला मिळालेले महत्त्व हेही आहे.

गुरुग्राम, नोएडा, द्वारकेत राहून पहाटे बूट बांधणाऱ्या हौशी मराठी माणसाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. पहिली मॅरेथॉन पूर्ण झाली की पुढचा प्रश्न असतो, चार तासांच्या आत कसे यायचे? त्यासाठी दर किलोमीटरला 5 मिनिटे 41 सेकंदांच्या वेगाने धावत राहावे लागते. म्हणून रोज छाती फुटेस्तोवर पळायचे नसते. अव्वल सहनशक्ती-खेळाडूंची सुमारे 80 टक्के सत्रे सावकाश, गप्पा मारता येतील अशा वेगाची असतात, असे क्रीडाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांच्या अभ्यासात दिसले आहे. उरलेली वेगवान, म्हणजे टेम्पो आणि इंटरव्हलची, सत्रे मात्र चोख हवीत, आणि तीच एकट्याने पार पाडणे अवघड जाते.

दिल्लीची हवा हा वेगळा विषय. धावताना माणूस बसलेल्यापेक्षा कितीतरी पट हवा आत घेतो, आणि तिच्याबरोबर धूरही. हाफ मॅरेथॉन काही वर्षे नोव्हेंबरात झाली, आता ती ऑक्टोबरमध्ये घेतली जाते. धुरकट सकाळी वेगवान सराव करू नये. तो दिवस घरात व्यायाम करून काढावा. सोबत कितीही चांगली असली तरी फुप्फुसे आपली एकट्याचीच असतात.

नेहरू पार्कमध्ये, लोधी गार्डनमध्ये, गुरुग्रामच्या लेझर व्हॅलीत धावणारे गट सकाळी भेटतात. त्यांतला आपल्यापेक्षा किलोमीटरमागे दहा-पंधरा सेकंदांनी वेगवान असा एक गट शोधावा आणि आठवड्यातून एकदा त्याच्या मागे लागावे. आयोजकांनीही क्रमांकाच्या बक्षिसाला वेळेच्या बक्षिसाची जोड द्यावी. आणि परभणी, सातारा, बीडच्या मुलींना मॅरेथॉनसाठी परदेशातल्या वेगवान शर्यतींत पाठवण्याचा खर्च महाराष्ट्राने उचलावा.