पनवेलकर पनवेलात नसतो

माझं माहेरचं आडनाव पेणकर. पण पेणला आमचं घर नाही, शेत नाही, गणपतीला जावं असं कुणी उरलेलं नाही. पणजोबांनी पेण सोडून पनवेलात किराणा मालाचं दुकान घातलं, तेव्हापासून आम्ही पेणकर. त्याआधी, पेणमध्ये असताना आम्हाला लोक काय म्हणत, हे घरात कुणालाच सांगता येत नाही.

लहानपणी आमच्या आळीत पेणकरांची दोन घरं होती. एक आमचं, दुसरं बेने इस्रायलींचं, म्हणजे कोकणातल्या ज्यूंचं. एका वर्षी पाऊस सरता सरता एक जाड पाकीट आमच्या दारात पडलं. वर नुसतं ‘पेणकर, पनवेल’. आईनं ते फोडलं. आत सफरचंद आणि मधाची वाटी छापलेलं कार्ड, त्यावर उजवीकडून डावीकडे जाणारी अक्षरं, आणि खाली निळ्या शाईत आपलं मराठी : ‘ती. मावशीस सा. न. वि. वि.’ दुसऱ्याचं पत्र फोडलं म्हणून आई कासावीस झाली. तिनं भाताचं शीत लावून पाकीट चिकटवलं आणि ते देऊन मला पिटाळलं.

त्यांच्या दाराच्या चौकटीवर धातूची एक छोटी नळी तिरकी बसवलेली होती. मावशींनी पत्र घेतलं, चिकटवलेल्या कडेवरून बोट फिरवलं आणि काही न बोलता माझ्या हातावर चिकाच्या हलव्याची वडी ठेवली. गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून ताटात थापलेली, बोटाला हलकेच चिकटणारी. त्यांचं नवं वर्ष होतं ते. ‘तुम्ही आमच्या कोण?’ मी विचारलं. ‘कोणी नाही गं. पण तुमची न् आमची वाट पेणवरनंच आलीय.’

पनवेलचं बेथ एल सिनेगॉग १८४९चं. म्हणजे मावशींचे लोक आमच्या कितीतरी आधी इथं स्थिरावलेले. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून वाचलेली सात जोडपी हे आपले मूळ पूर्वज, असं बेने इस्रायली परंपरेनं सांगतात. पुढे ते कुलाबा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या रायगडच्या, गावागावांत पांगले, तेलाचे घाणे चालवू लागले, आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. नावंही इथल्या मातीत मुरली. सॅम्युएलचा सामाजी झाला. मुंबईत १७९६ साली पहिलं सिनेगॉग बांधणारे सामाजी हसाजी दिवेकर म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल. आडनाव मात्र दिवे आगरचं.

ही आडनावं मोठ्यानं म्हणून पाहावीत. रोहेकर, पेणकर, किहीमकर, नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, आवासकर, चेऊलकर. अलिबाग-रोह्याच्या एसटीची पाटीच जणू. असली शंभराहून अधिक आडनावं या एवढ्याशा समाजात आहेत. हिंदी सिनेमातला सगळ्यांचा लाडका डेव्हिड हा चेऊलकर, म्हणजे आपल्या चौलचा. इंग्रजीत कविता लिहिणारे निस्सिम इझिकिएल हे तळ्याचे तळकर. १९४८नंतर यांतली बहुतेक घरं इस्रायलला गेली, तिथून ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक काढू लागली, आणि जाताना ही गावं आडनावात बांधून घेऊन गेली.

पण आवासात राहणाऱ्याला आवासकर कोण म्हणणार? तिथं तर सगळेच आवासचे. ‘कर’ लागतो तो वेस ओलांडल्यावर, आणि तो लावतात दुसऱ्या गावचे लोक. पनवेलकर आडनावाची माणसं मला पुण्यात भेटली, ठाण्यात भेटली. पनवेलात राहून पनवेलकर झालेलं घर मी पाहिलेलं नाही. या आडनावांत गावाचा अभिमान आहे असं आपण समजतो. मला त्यांत गाव सुटल्याची नोंद दिसते.

पेणकरांचा माग काढायला म्हणून मी मध्यंतरी कुलाबा जिल्ह्याचं जुनं गॅझेटियर वाचायला घेतलं. हा खंड १८८३चा. बेने इस्रायलींवरची पानं वाचता वाचता त्या संपादकाच्याच नावाशी अडकले : जेम्स मॅक्नॅब कॅम्पबेल. माणूस स्कॉटलंडमधल्या ग्लासगोजवळचा. मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेत आला आणि १८७३पासून दहा-अकरा वर्षं इलाख्यातल्या प्रत्येक जिल्ह्याची माणसं, पिकं, बाजार, देवळं नोंदवत बसला. आपल्या आजोबा-पणजोबांच्या जगाविषयी आज आपण जे छातीठोकपणे सांगतो, त्यातलं पुष्कळसं या खंडांतून आलेलं आहे. एवढ्या जातींची, एवढ्या घराण्यांची नावं लिहून ठेवणाऱ्याच्या स्वतःच्या नावाचा अर्थ काय, असं वाटलं आणि शोधत गेले.

गेलिक भाषेत ‘कॅम’ म्हणजे वाकडं आणि ‘बेउल’ म्हणजे तोंड. कॅम्पबेल म्हणजे वाकड्या तोंडाचा. कुणा मूळ पुरुषाला असं म्हणत असतील आणि ते पुढे वंशाला चिकटलं. मूळ स्पेलिंग ‘कॅम्बेल’ असंच होतं. पुढे घराणं मोठं झालं, आर्गाइलचं सरदारपद आलं, तेव्हा कुणीतरी ‘काम्पो बेल्लो’, म्हणजे सुंदर शेत, अशी व्युत्पत्ती काढली आणि नावात ‘प’ घुसवला. तो आजही आहे, उच्चारात मात्र येत नाही. मला हे वाचून त्या लोकांविषयी मायाच वाटली. टोपणनावावरून पडलेलं आडनाव शाळेत हजेरीच्या वेळी ऐकताना मान खाली घालणारी मुलं माझ्याही वर्गात होती, आणि पुढे कुलवृत्तान्त काढताना त्याच आडनावाचा भारदस्त अर्थ शोधणारी घरंही मी पाहिली आहेत.

तिकडची बाकीची नावंही फार परकी नाहीत. सातारच्या दरबारी राहून मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्या ग्रँट डफमधला डफ म्हणजे काळा, आपले काळे. स्ट्यूअर्ट हा राजाच्या घरचा कारभारी, तो हुद्दाच आडनाव झाला, फडणीस-चिटणीसांसारखा. मॅक म्हणजे मुलगा, मॅक्नॅब म्हणजे मठाधिपतीचा मुलगा. आणि एल्फिन्स्टन हे एडिनबरोच्या पूर्वेकडचं एक गाव आहे. म्हणजे एल्फिन्स्टनही घाटाखालच्या कुणाही ‘कर’सारखाच.

कॅम्पबेल हे आजही स्कॉटलंडमधल्या पहिल्या दहा आडनावांत मोडतं. सगळे एका रक्ताचे म्हणून नव्हे. सरदाराच्या जमिनीवर राहायचं, त्याच्या ढालीआड उभं राहायचं, तर त्याचं नाव लावायचं अशी तिथली रीत होती. नंतर अठराव्या-एकोणिसाव्या शतकात तिथल्या डोंगरी भागातल्या जमीनमालकांनी मेंढ्यांच्या चराईसाठी गावंच्या गावं उठवली. कुळं जहाजांत बसून कॅनडाकडे गेली. नावं गेली, गावांच्या जागी पडक्या भिंती आणि गवत राहिलं.

हे वाचताना मला आपल्या पनवेल तालुक्यातली दहा गावं आठवत राहिली. उलवे, तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, चिंचपाडा, कोपर, कोल्ही, वरचे ओवळे, वाघिवली, वाघिवलीवाडा. नवी मुंबईच्या विमानतळासाठी ही गावं उठली. इथली घरं म्हात्रे, पाटील, भोईर, घरत, कोळी, नाईक. कोल्हीकर किंवा कोंबडभुजेकर मला आजवर भेटलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या ही माणसं मिठागरं, भातखाचरं आणि खाडी सोडून कुठं गेलीच नव्हती, मग त्यांना गावाचं नाव लावायची वेळ कशी येणार? चौलमधून निघालेल्या एका घराण्यामुळे चौल मुंबईच्या पडद्यावर पोचलं. ही दहा गावं अशी, की गावावर ज्यांचा जीव होता त्यांच्या नावात ती कुठंच लिहिलेली नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं. गॅझेटियर पुन्हा लिहायचं झालं, तर पहिलं पान या दहा नावांचं असावं.

परवा पुष्पकनगरात, या उठलेल्या गावांतल्या लोकांच्या नव्या वसाहतीत, एका बारशाला गेले होते. नव्या इमारती, रुंद रस्ते, भूखंडांचे क्रमांक. कोपऱ्यावरच्या दुकानात नारळ घेत होते, तेवढ्यात पाठीवर मोठी पिशवी घेतलेला कुरियरवाला पोरगा आला. त्याच्या हातातल्या खोक्यावर पत्ता पुसट झालेला, नाव तेवढं वाचता येत होतं. ‘म्हात्रे कुठं राहतात?’ त्यानं विचारलं.

दुकानातल्या बाईंनी वजनकाट्यावरून मान वर केली. ‘कुठले म्हात्रे? कोल्हीवाले की तरघरवाले?’