लाइन वाढवण्याआधी मोजा

निघोज्यातल्या एका प्रेस शॉपच्या गेटवर माल भरलेली गाडी उभी होती. ताडपत्री बांधून झाली होती, ड्रायव्हरचा दुसरा चहा झाला होता आणि डिस्पॅचच्या खोलीत ऑपरेटर स्क्रीनवरच्या फिरत्या चक्राकडे बघत बसला होता. ग्राहक कंपनीच्या पोर्टलवर एएसएन (माल निघाल्याची आगाऊ सूचना) चढत नव्हतं, ई-वे बिलही निघत नव्हतं. "सर, लाइन स्लो आहे," तो म्हणाला. मालकांनी दोनच महिन्यांपूर्वी पन्नासची लाइन शंभरची करून घेतली होती. गाडी तरीही गेटवरच होती.

चाकण पट्ट्यात नेटवर्क सांभाळणाऱ्या आपल्यापैकी प्रत्येकाने हे दृश्य पाहिलेलं आहे. इथली लहान युनिट मोठ्या वाहन कारखान्यांना तासांच्या हिशेबाने माल पुरवतात. कागद अडला की गाडी अडते, आणि मग पहिला फोन आपल्याला येतो.

त्या दिवशी पिंग टाकलं तर सगळं छान दिसलं: एक मिलिसेकंद, एकही पॅकेट गहाळ नाही. बहुतेक तपासण्या इथेच थांबतात. पण पिंग एका वेळी एकच छोटं पॅकेट पाठवतं आणि उत्तराची वाट बघतं. भरधाव वाहतुकीत लाइन काय करते, हे त्याला कळत नाही. म्हणून डिस्पॅचचा पीसी आणि ऑफिसमधला सर्व्हर यांच्यात आयपर्फ-३ चालवलं. कारखान्याच्या आतल्या आत, शंभर मेगाबिटच्या तारेवर, आकडा दोन-तीन मेगाबिटवर लोळत होता. म्हणजे बाहेरच्या लाइनचा यात काही संबंधच नव्हता.

उत्तर स्विचच्या पोर्टवर सापडलं. शेडकडे जाणारा पोर्ट कोणीतरी कधीतरी 'शंभर, फुल डुप्लेक्स' असा हाताने बांधून ठेवला होता. पुढे शेडमधला स्विच बदलला, आणि नवा स्विच ऑटोवर होता. समोरचा पोर्ट वाटाघाट करत नसेल तर ऑटोवरच्या पोर्टला वेग ओळखता येतो, डुप्लेक्स ओळखता येत नाही. नियमाप्रमाणे तो हाफ डुप्लेक्स धरून बसतो. एक बाजू बोलता बोलता ऐकते, दुसरी समोरचा थांबेपर्यंत गप्प राहायला बघते. मग एकीकडे लेट कोलिजन आणि दुसरीकडे सीआरसी एररचे आकडे चढत राहतात. पिंगमध्ये हे जाणवत नाही, कारण टक्कर व्हायला दोन्हीकडून एकाच वेळी पॅकेट यावी लागतात. दोन्ही पोर्ट ऑटोवर टाकले आणि आयपर्फ नव्वदच्या वर गेलं. गाडी सुटली. वाढवलेल्या लाइनचं भाडं मात्र करार संपेपर्यंत चालूच राहणार होतं.

लाइनला दोष देण्याआधी पॅकेट बघण्याची ही पद्धत जुनीच आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये अमेरिकेत लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि शेजारचं बर्कली विद्यापीठ यांच्यातला वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर कोसळला होता. अंतर होतं जेमतेम ४०० यार्ड, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या कारखान्यात गेटपासून डिस्पॅचपर्यंत असतं तेवढं. व्हॅन जेकबसन आणि माइक कॅरेल्स पॅकेट बघत बसले आणि टीसीपी कुठे चुकतं ते शोधून त्यांनी त्यावर उपाय काढले. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या त्या उपायांवर आजचं इंटरनेट उभं आहे. ट्रेसराउट हे हत्यारही जेकबसन यांचंच.

दुसरी तक्रार जर्मनीशी काम करणाऱ्या युनिटांची. "स्पीड टेस्ट शंभर दाखवते, मग डायचं डिझाइन उतरायला अर्धा तास का लागतो?" स्पीड टेस्ट बहुतेक वेळा पुण्यातल्या किंवा मुंबईतल्या सर्व्हरशी बोलते, आपली फाइल येते हजारो किलोमीटरवरून. जाऊन-येऊन १५० मिलिसेकंद धरा. टीसीपीची खिडकी ६४ केबीवर अडकलेली असेल, तर दर फेरीला तेवढाच माल येणार: सेकंदाला सुमारे साडेतीन मेगाबिट. एक जीबीच्या फाइलला ३८ मिनिटं. लाइन शंभरची असो की पाचशेची, मिनिटं तीच. शंभरची लाइन पूर्ण भरायला जवळपास दोन एमबीची खिडकी लागते. खिडकी मोठी करण्याची सोय १९९२ पासून आहे आणि आजच्या ऑपरेटिंग सिस्टिम ती आपोआप वापरतात. पण एखादी जुनी फायरवॉल ती सूचना मध्येच काढून टाकते, किंवा एखादं जुनं सॉफ्टवेअर बफर स्वतःच ठरवून ठेवतं. वायरशार्कमध्ये जोडणीची पहिली तीन पॅकेट उघडली की विंडो स्केल आहे की नाही ते लगेच दिसतं. ओएफटीपी (वाहन उद्योगातला फाइल पाठवण्याचा प्रोटोकॉल) वापरणाऱ्यांनी त्यातला बफरचा आकार आणि क्रेडिट हे दोन आकडेही बघावेत; तिथेही हाच हिशेब लागतो.

वाटेतल्या प्रत्येक टप्प्यावरचा लॉस दाखवणाऱ्या एमटीआरबद्दल एकच सांगणं. मधल्या एखाद्या टप्प्यावर चाळीस टक्के लॉस दिसला आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य असेल, तर तो लॉस नाही. तो राउटर स्वतः उत्तर द्यायला टाळाटाळ करतो आहे, एवढंच. असा स्क्रीनशॉट घेऊन सेवा पुरवठादाराशी भांडलो तर आपणच तोंडघशी पडतो, आणि पुढची खरी तक्रारही कोणी ऐकत नाही.

आपल्याकडे सगळ्यात मोठी उणीव नोंदीची आहे. हत्यारं फुकट आहेत, पण लाइन बरी असताना तिचे आकडे काय होते, हे कोणाकडेच लिहिलेलं नसतं. मग बिघाडाच्या दिवशी तुलना कशाशी करणार? तापमानाचा चार्ट भट्टीवर टांगणारे आपले कारखाने नेटवर्कच्या बाबतीत इतके गाफील का राहतात, हे मला खरोखर समजत नाही.

या पट्ट्यात बहुतेक शेडना गुरुवारची सुट्टी असते. येत्या गुरुवारी अर्धा तास काढा. ग्राहकाच्या सर्व्हरपर्यंतचा वेळ, दोन्ही दिशांचं आयपर्फ आणि प्रत्येक अपलिंक पोर्टचे एरर काउंटर एका कागदावर लिहा, तारीख टाका आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. शुक्रवारी सकाळी अकराला, पूर्ण कामाच्या गर्दीत, तेच आकडे पुन्हा घ्या. दोन्ही कागदांची प्रत आमच्याकडे पाठवा. कंपनीचं नाव गाळून आम्ही ते पुढच्या अंकात छापू.