उपचार मध्येच सोडू नका

सकाळी आईच्या गळ्यात पडणारी मुलगी संध्याकाळी ‘तू माझी कोणीच नाहीस’ म्हणत दार आपटते. मेसेजला उत्तर यायला उशीर झाला, की आपल्याला टाकलं असंच तिला वाटतं. रागाच्या भरात ती स्वतःला इजाही करून घेते. घरचे म्हणतात, ‘नाटकं आहेत, लाडानं शेफारलीय.’ कृपा करून असं म्हणू नका. हा बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर असू शकतो, मुलग्यांनाही होतो. निदान मात्र मानसोपचारतज्ज्ञांनाच करू द्या.

आणि हा आजार बरा होतो. अमेरिकेतल्या मॅक्लीन रुग्णालयात मेरी झनारिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे 290 रुग्ण वर्षानुवर्षं पाहिले. 10 वर्षांत दहातल्या नऊहून अधिक जणांची लक्षणं ओसरली आणि किमान 2 वर्षं ओसरलेलीच राहिली. कामधंदा आणि नातीगोतीही मार्गी लागली असे मात्र निम्मेच होते. तेव्हा धीर धरा. चार बैठकांत फरक दिसला नाही म्हणून थेरपी सोडू नका.

या आजारावरची डीबीटी (डायलेक्टिकल बिहेविअर थेरपी) ही उपचारपद्धती ज्यांनी उभी केली, त्या मार्शा लिनहन यांनी तरुणपणी स्वतः याच यातना भोगल्या होत्या. 2011 मध्ये त्यांनी ते जाहीरपणे सांगितलं. या थेरपीत नुसतं बोलणं नसतं, सराव असतो. भावना अनावर झाल्या की चेहऱ्यावर गार पाणी घ्यायचं, ज्यामुळे हृदयाचे ठोके मंदावतात (हृदयविकार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा). आज काय वाटलं, काय करावंसं वाटलं आणि प्रत्यक्षात काय केलं, हे रोज लिहायचं. या आजारावर अशी खास गोळी नाही; सोबतच्या नैराश्यासाठी गोळ्या दिल्या असतील, तर त्या मनानं बंद करू नका.

घरच्यांनाही शिकावं लागतं. ‘एवढं रडण्यासारखं काय झालं?’ याऐवजी ‘तुला फार लागलंय, दिसतंय मला’ एवढं म्हणून पाहा. तिचा प्रत्येक हट्ट पुरवा असं मी म्हणत नाही. आधी तिचं दुखणं खरं माना, मग हट्टाला नाही म्हणा.

जवळ तज्ज्ञ नसतील तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चौकशी करा. टेली मानसच्या 14416 या सरकारी क्रमांकावर रात्री-अपरात्रीही, मोफत, मराठीत बोलता येतं. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा निघाली, तर तिला एकटं सोडू नका, लगेच रुग्णालयात न्या.