छत्रपतींचे चरित्र आणि साक्षीपुरावा



फेब्रुवारीची 19 तारीख जवळ आली की सोलापुरात सात रस्त्यापासून शहरभर भगव्या पताका लागतात, आणि आपली मुले शिवाजी महाराजांवर निबंध लिहावयास बसतात. तो निबंध कोणत्या पुस्तकावरून लिहिला जातो, हा प्रश्न क्षुल्लक समजू नका. गेल्या दीडशे वर्षांत लेखकांनी एकच शिवाजी लिहिलेला नाही. ज्याने त्याने आपल्या गरजेप्रमाणे हा राजा नव्याने घडविला आहे.

जोतीराव फुल्यांनी 1869 साली पवाडा रचून महाराजांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून पुढे आणले. पुढे टिळकांनी शिवजयंतीच्या उत्सवातून त्यांस परकी सत्तेविरुद्ध उभे केले. बाबासाहेब पुरंदरे व रणजित देसाई यांनी हा राजा घरोघर पोहोचविला, त्याचे श्रेय त्यांना द्यावे. परंतु कादंबरी हा दस्तऐवज नव्हे. 1988 साली गोविंद पानसऱ्यांनी ‘शिवाजी कोण होता?’ ही पुस्तिका लिहून रयतेची बाजू मांडली.

यांपैकी खरा कोण? न्यायालयात साक्षीदारास प्रथम विचारले जाते की, तू तेथे हजर होतास काय? कृष्णाजी अनंत सभासद हा महाराजांच्या पदरी होता व त्याने बखर लिहिली ती सतराव्या शतकाच्या अखेरीस. चिटणिसांची बखर त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आली. तरीही दोहोंची साक्ष एकाच तागडीत तोलली जाते! दादोजी कोंडदेव गुरू होते की नव्हते, या वादात डिसेंबर 2010 मध्ये पुण्याच्या लाल महालातील पुतळा हलविण्यात आला. पुतळा बसविणे आणि हलविणे, दोन्ही पुराव्याच्या सदरात येत नाहीत. 2004 च्या जानेवारीत तर जेम्स लेन यांच्या ग्रंथाच्या रागाने भांडारकर संस्थेवर हल्ला झाला. त्या ग्रंथावरील सरकारी बंदी उच्च न्यायालयाने 2007 साली रद्द केली व 2010 साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला. ग्रंथ पटला नाही तर उत्तर ग्रंथानेच द्यावयाचे असते.

आता जो प्रसंग आपल्या सर्वांच्या काळजाशी भिडतो त्याकडे वळू. 1674 साली गड, खजिना, फौज, आरमार सर्व काही हाती असलेल्या या पुरुषास राज्याभिषेक करून घ्यावयाचा होता. अडचण कोणती? तर तो क्षत्रिय नाही! मग मूळ पैठणच्या घराण्यातील गागाभट्टांस काशीहून आणावे लागले, मेवाडच्या सिसोदियांशी नाते जोडणारी वंशावळ पुढे ठेवावी लागली, आणि चाळिशी उलटलेल्या राजाची मुंज लागली. तेव्हा 6 जून रोजी रायगडावर अभिषेक झाला. तेवढ्यानेही भागले नाही. त्याच वर्षी सप्टेंबरात निश्चलपुरींच्या हातून तांत्रिक पद्धतीचा दुसरा अभिषेक झाला. डॉ. बाबासाहेबांनी 1946 सालच्या शूद्रांवरील ग्रंथात हे प्रकरण एखाद्या खटल्याप्रमाणे तपासले आहे. माणसाचा वर्ण ठरविण्याचा अधिकार एकाच वर्गाच्या हाती होता व त्या निकालावर अपील नव्हते, हे त्यांनी दाखविले. जातीच्या दाखल्यासाठी कचेरीच्या पायऱ्या झिजविणाऱ्यास हे निराळे समजावून सांगावयास नको.

मात्र येथे आपल्याही लेखकांस एक शब्द सांगणे भाग आहे. आपल्यातील काहीजण महाराजांस जातिनिर्मूलक ठरवू पाहतात. हे मोह आवरावेत. महाराजांनी क्षत्रियत्व मागून घेतले, वर्णव्यवस्था मोडली नाही. देवस्थानांस व ब्राह्मणांस दाने दिली. उलट, रयतेच्या धान्यास व भाजीपाल्यास शिपायांनी हात लावू नये, लागेल ते बाजारातून विकत आणावे, ही चिपळूणच्या छावणीस दिलेली ताकीद पत्रातच आहे. जे पत्रात आहे ते ठामपणे सांगा. जे नाही ते आपल्या सोयीसाठी जोडू नका, कारण तसे केले की दुसऱ्याच्या बनावट बखरीस हरकत घेण्याचा आपला अधिकार संपतो.

मुलांच्या हाती प्रथम कोणते चरित्र द्यावे, असे विचाराल तर कृष्णराव अर्जुन केळुसकरांचे द्यावे. ब्राह्मणेतर समाजातील या शिक्षकाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कागदपत्रे जमवून महाराजांचे चरित्र लिहिले. मॅट्रिक झालेल्या भीमरावांच्या हाती ज्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र ठेवले, तेच हे केळुसकर गुरुजी.